दोन इकडे, तीन तिकडे

माझा नवरा फिनबोगी खोटं फारसं बोलत नसे, कारण त्याला ते जमतच नसे. तोंड उघडायच्या आधी त्याचे कान लाल व्हायचे. असं असून त्याचं एक खोटं तीन वर्षं टिकलं, याचं मला अजून नवल वाटतं. टिकलं, कारण ते आमच्या कोठारात गवताखाली झाकलेलं होतं.

आमच्या शेताचं नाव हामार. मागे काळा कडा, पुढे उतरतं कुरण, खाली नदी, आणि नदीपलीकडे बाक्की, जिथं आर्नग्रीमुर राहायचा. घरात आम्ही तिघं, फिनबोगी, मी ओद्नी आणि माझी सासू हाल्बेरा. हाल्बेराला कुणी वय विचारलं तर ती म्हणायची, कामाचं काय असेल ते बोल. गोठ्यात दोन दुभत्या गाई, आवारात चाळीस मेंढ्या, तीन घोडे. आणि हुप्पा.

हुप्पा माझी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा वडिलांनी मला आठ दिवसांची कालवड दिली. माळ ओलांडून तिला आणताना पोत्यात घालून घोड्यावर माझ्यापुढं बसवली होती, नुसतं डोकं बाहेर. वाटभर ती माझा लोकरी हातमोजा चोखत राहिली, आणि घर आलं तेव्हा मोज्याचा अंगठा तिच्या पोटात गेला होता. म्हणून फिनबोगी तिला माझी नणंद म्हणायचा, कारण घरातलं काहीही न विचारता खाते. मी सांगतेय त्या वर्षी ती पहिल्यांदा गाभण होती आणि फेब्रुवारीत विणार होती. दोन गाईंपैकी थोरली दात पडून बसली होती, तेव्हा पुढच्या वर्षीचं दूध हुप्पावरच होतं.

त्या उन्हाळ्यात सूर्यानं आमच्याशी वैर धरलं. गवत कापून पसरलं की पाऊस, गोळा करून ढीग केले की ऊन, ढीग मोडून पुन्हा पसरलं की पाऊस. फिनबोगी लांब दांड्याच्या पात्यानं पहाटे दंवात कापायचा, कारण ओलं गवत पात्याला मऊ लागतं. मी आणि हाल्बेरा दाताळ्यांनी मागून उलटत जायचो. माझ्या तळहातांना फोड आले, ते फुटले, मग तिथली कातडी जोड्याच्या टाचेसारखी झाली. हाल्बेराचे गुडघे ओलाव्यानं सुजले, तर ती गुडघ्यांना पोतं बांधून बसल्या बसल्या दाताळं ओढायची. आणि तरी मला तो उन्हाळा आनंदाचाच आठवतो. एकदा दुपारी तीन तास वारा सुटला आणि सगळं कुरण कोरडं खुळखुळीत झालं, तेव्हा आम्ही तिघं जेवणखाण सोडून पळत होतो, आणि शेवटचा भारा कोठाराच्या दारातून आत ढकलला त्याच वेळी पहिला थेंब पत्र्यावर वाजला. फिनबोगी गवतात उताणा पडून हसत सुटला. सप्टेंबर येईपर्यंत कोठार भरलं. भरलं म्हणजे कसं, तेच तर सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी हे कोठार बांधायला घेतलं तेव्हा फिनबोगीनं मे महिन्यात पाया खणायला सुरुवात केली. घरामागच्या चढावर, बारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. खालच्या अंगाला माती मऊ निघाली. वरच्या अंगाला हात दीड हात खाली कड्याचाच खडक लागला. आर्नग्रीमुर कुंपणावर बसून बघत होता. तो म्हणाला, हा खडक तुझ्यानं निघायचा नाही, तुझ्या कोठाराला उतार राहणार. फिनबोगी म्हणाला, जमीन कॉफीच्या कपातल्या कॉफीसारखी सपाट करून दाखवतो. बोलाबोली वाढली आणि पैज लागली. सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली आणल्या की सगळं खोरं मेंढवाड्याशी जमतं. तिथं सगळ्यांसमोर, हरेल त्यानं जिंकेल त्याला पाठीवर घेऊन वाड्याला एक फेरी मारायची.

फिनबोगीनं दोन पहारी बोथट केल्या. घण मारून मारून त्याच्या मनगटात सूज आली, चमचा धरताना हात थरथरायचा. खडकाचा एखादा टवका निघाला की तो मला आणून दाखवायचा. जूनच्या शेवटी गवत कापायची वेळ आली आणि खडक होता तिथंच होता. एका सकाळी तो घरात आला, कान लाल, आणि म्हणाला, "ओद्नी, मी त्याच्यावर मुरूम पसरून टाकला. वरून खाली सरळ उतार धरून. तू कुणाला सांगायचं नाही." मी शब्द दिला. हाल्बेरा चुलीशी होती. तिच्याकडून कुणी शब्द मागितला नाही आणि तिनं दिलाही नाही.

मग कोठार गवतानं भरलं. गवताचा माथा आम्ही तुडवून तुडवून सपाट केला, कारण छप्पर सपाट बसवलेलं होतं आणि माथा त्याला समांतर ठेवला की झालं. आर्नग्रीमुर आला, दारातून वाकून त्यानं माथा पाहिला, पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, आणि हरलो म्हणाला. सप्टेंबरात त्या भल्या थोरल्या माणसानं माझ्या नवऱ्याला पाठीवर घेऊन वाड्याला फेरी मारली. फिनबोगीनं वरून टोपी हलवली. पोरासोरांनी टाळ्या पिटल्या. तेव्हापासून खोऱ्यात आर्नग्रीमुरला बाक्कीचा घोडा म्हणू लागले. तोंडावर नाही, पण त्याला कळेल इतक्या जवळून. फिनबोगी दर वसंतात जमिनीवर जुन्या गवताचा थर ठेवायचा आणि नवं गवत भरेपर्यंत कुणालाही आत येऊ द्यायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, आत घूस झाली आहे.

ऑक्टोबर संपत आला की वैरण-मोजणीवाला येतो. गावानंच निवडलेला माणूस असतो. तो घरोघर जाऊन कोठारातलं गवत मोजतो आणि तेवढ्या गवतावर किती जनावरं जूनपर्यंत जगतील हे ठरवतो. कमी पडलं तर एखादं जनावर हिवाळ्याआधी कापायचं, ही रीत. रीत कडक आहे, पण कारण आहे. आर्नग्रीमुरच्या वडिलांनी एका वर्षी गवतापेक्षा जास्त मेंढ्या ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये त्या एकमेकींची लोकर खाऊन मेल्या. आर्नग्रीमुर तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्यानं ते पाहिलं होतं. म्हणूनच गाव दर वेळी त्यालाच निवडायचं.

तो मंगळवारी आला. मोजपट्टी, पेन्सिल, चामड्याची वही, आणि दोन मीटरची टोकदार सळई. वरच्या दारातून आत चढला, दाराशीच गवतात सळई खुपसली. ती पूर्ण आत गेली आणि खाली दगडावर टण्ण वाजली. दोन मीटर. लांबी बारा, रुंदी सहा, माथा सपाट. जमीन सपाट, हे तर त्याच्या पाठीला चांगलंच ठाऊक होतं. दुसऱ्या टोकाला मोजायची त्याला गरजच वाटली नाही. त्यानं वहीत लिहिलं, बारा गुणिले सहा गुणिले दोन, एकशे चव्वेचाळीस घनमीटर. बसलेल्या गवताचा एका घनमीटरला एक घोडाभार धरतात. म्हणजे एकशे चव्वेचाळीस भार.

मग खर्च मांडला. दुभत्या गाईला पस्तीस, दोघींना सत्तर. मेंढीला दीड, चाळिसांना साठ. घोडे बाहेर चरतात, तरी तिघांना मिळून चौदा. बेरीज एकशे चव्वेचाळीस. वही मिटून तो म्हणाला, "बरोबर पुरतंय. पण ती कालवड विणार म्हणजे तिला गाईएवढंच लागणार, पस्तीस. ते नाहीत. शनिवारी जनावरं कापणारा इकडून जाणार आहे."

मी फिनबोगीकडं बघितलं. त्याचे कान बर्फात निखारे ठेवावेत तसे दिसत होते. तो म्हणाला, हुप्पा कमी खाते. आर्नग्रीमुर म्हणाला, मागच्या वर्षी तूच सांगत होतास की ती तुझा खोगिराचा पट्टा खाऊन गेली. फिनबोगी म्हणाला, हिवाळा सौम्य असेल. आर्नग्रीमुर म्हणाला, हे माझे वडीलही म्हणायचे. मग तो कॉफी न घेता निघून गेला, आणि फिनबोगी तिथंच उभा राहिला. खाली गवत जास्त आहे, हे चार शब्द बोलला असता तर काम होत होतं. पण ते चार शब्द बोलले की पुढं मेंढवाडा, पाठ, आणि सगळं खोरं.

मी शब्द दिला होता, म्हणून मी बोलले नाही. फिनबोगीशीही बोलले नाही. माझा स्वभाव हा असा आहे, भांडायचं झालं तर मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की घरातलं मांजरसुद्धा गोठ्यात राहायला जातं. बुधवारी आम्ही गेल्या आठवड्यात कापलेल्या जादा मेंढ्यांची कामं काढली होती. पोटाच्या पिशव्या धुऊन, शिवून, त्यात रक्त आणि पीठ भरायचं. हाल्बेरा शिवत होती, मी भरत होते, कोपरांपर्यंत हात माखलेले. फिनबोगी तीनदा आत आला. एकदा सुई मागायला, एकदा दोरा मागायला, आणि एकदा का आला ते त्यालाच आठवेना. हाल्बेरानं सुईवरून मान न उचलता त्याला सांगितलं की तुझ्या बापाला हरायला फार आवडायचं नाही, पण तो हरून घरी आला की जेवायचा मात्र पोटभर. फिनबोगी बाहेर गेला आणि हिवाळ्याची थंडी अडवायला भिंतींना मातीची ढेकळं रचत बसला. जेवला नाही.

गुरुवारी सकाळी मी हुप्पाला खरारा करत होते. ती माझी बाही चावत होती आणि मी तिला तसं करू देत होते, कारण मला वाटत होतं, आता किती दिवस. तेवढ्यात भिंतीपलीकडून, कोठारातून, काहीतरी खुपसल्याचे आणि ओढल्याचे आवाज आले. मग वरच्या दारातून फिनबोगी बाहेर पडला, डोक्यावर टोपीऐवजी गवत. त्यानं आमची जुनी लोखंडी सळई लोकरीच्या दोऱ्यानं दाताळ्याच्या दांड्याला बांधली होती आणि खालच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीशी, ती खुपसून बघितली होती.

"तीन मीटर, ओद्नी," तो म्हणाला. "पूर्ण तीन. बारा गुणिले सहा गुणिले तीन, दोनशे सोळा होतात. हुप्पा राहते, वर आणखी एक गाय ठेवता येईल."

मी दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, हे तू कुणाला सांगणार आहेस. त्यानं हुप्पाच्या तोंडातून माझी बाही सोडवली. मग त्यानं दाढी केली, चर्चला जायचा कोट घातला आणि घोड्यावर बसून नदीकडं उतरला. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं आणि त्यानं पाय वर घेतले होते, कारण बूटही चर्चचेच होते. मी अंगणात उभी राहून बघत होते आणि त्या माणसाची मला इतकी माया आली की एकटी असूनही मला लाज वाटली.

दोघं परत आले, आर्नग्रीमुर दहा हात पुढं. आर्नग्रीमुर सरळ कोठारात गेला. दाताळ्याला बांधलेली सळई घेऊन त्यानं स्वतः सात ठिकाणी खुपसली. दाराशी दोन. मधे अडीच. गोठ्याच्या भिंतीशी तीन. डाव्या भिंतीशी आणि उजव्या भिंतीशी तेच. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. खाली उतरून तो आमच्या स्वयंपाकघरात आला, बाकावर बसला आणि त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तीन वर्षं लोक मला घोडा म्हणतायत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

फिनबोगीनं मान खाली घातली आणि सांगितलं की होय, खडक निघाला नाही, मी मुरूम टाकला आणि तुला फसवलं. एवढं एका दमात सांगितल्यावर त्याचे कान हळूहळू पांढरे झाले. तो म्हणाला, पैज मी हरलोय, तू म्हणशील तेव्हा फेडतो, पण गवत तीन मीटर आहे ते तू तुझ्या हातानं मोजलंस. दोनशे सोळा भार लिही.

आर्नग्रीमुर म्हणाला, तीन फक्त भिंतीशी आहे, दाराशी दोन आहे. आणि ज्यानं एकदा फसवलं त्याच्या कोठारात मी कमी तेच धरणार. एकशे चव्वेचाळीस. फिनबोगी म्हणाला, मग ते जास्तीचं गवत काय हवेत आहे? आर्नग्रीमुर म्हणाला, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, एवढंच मला शिकवलंय, आणि उंची एकच असते. कोणती ते सांग. दोघं एकमेकांना दोन आणि तीन ऐकवत राहिले. मधल्या मधे माझी हुप्पा.

हाल्बेरानं पाव टेबलावर ठेवला. आमच्या काळ्या पावाची एक गंमत आहे. आमचं स्वयंपाकघर उत्तरेला खचलंय, चूल कललेली आहे, त्यामुळं भट्टीत लांबट डबा तिरका बसतो. पीठ मात्र वरून सपाट होतं. पाव निघतो तो एका टोकाला बुटका, दुसऱ्या टोकाला उंच. दुसऱ्या घरी पाव आडवा कापतात. आमच्याकडे आडवा कापला तर एकाला चिंधी आणि एकाला ठोकळा, आणि मग भांडणं. म्हणून हाल्बेरा तो नेहमी उभा, लांबीनं कापते. प्रत्येक काप लांबलचक, एका टोकाला बुटका, दुसऱ्या टोकाला उंच, पण प्रत्येकाचा काप सारखा. सगळं खोरं आमच्या या कापांना हसायचं.

तिनं एक काप आर्नग्रीमुरपुढं ठेवला, एक फिनबोगीपुढं, आणि माझ्यापुढं एक. मी त्या कापाकडं बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

लहानपणी आमच्या माहेरी फिरता मास्तर यायचा. हिवाळ्यात तीन आठवडे राहायचा, शिकवायचा, आणि पुढच्या शेतावर जायचा. त्यानं एकदा सलगम तासून वेगवेगळे आकार केले होते आणि सांगितलं होतं की ज्याचा कुठूनही काप घेतला तरी काप सारखाच निघतो, त्या आकाराला चिती म्हणायचं. त्या कापाचं क्षेत्रफळ काढा, आणि काप ज्या दिशेनं रचत गेलात तेवढ्या लांबीनं गुणा. आणि त्यानं हेही सांगितलं होतं की चितीचा तळ खालीच असतो असं नाही, तो बाजूलाही असू शकतो. हे मला तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. तळ बाजूला कसा असेल, म्हणून मी मास्तरशी वाद घातला होता आणि शिक्षा म्हणून मला ते सलगम खावं लागलं होतं.

"थांबा, कुणी खाऊ नका," मी म्हणाले.

आर्नग्रीमुरनं घास तोंडापर्यंत नेला होता, तो खाली ठेवला. मी सगळे काप पुन्हा एकाला एक लावून पाव उभा केला. म्हणाले, हे आमचं कोठार. हे बुटकं टोक म्हणजे वरचं दार, हे उंच टोक गोठ्याची भिंत. तू दारातून बघतोस तर तुला दोन दिसतात. फिनबोगी भिंतीशी उभा आहे, त्याला तीन. दोघंही पाव आडवा कापताय, म्हणून भांडताय. हाल्बेरासारखा उभा कापा. डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत प्रत्येक काप सारखाच आहे, तू दोन्हीकडं मोजलंस ना?

"मोजलं," आर्नग्रीमुर म्हणाला.

"मग एका कापाचं माप काढ, आणि कोठाराच्या रुंदीनं गुण. तळ तो आहे. बाजूचा."

तो म्हणाला, काप तिरका आहे, तिरक्याचं माप मला येत नाही. मी सांगायला गेले, पण ते मलाही आठवेना. मास्तरनं बहुतेक पुढच्या हिवाळ्यात शिकवलं असणार, आणि तेव्हा मला गोवर झाला होता.

हाल्बेरानं सुरी उचलली. तिनं एक काप टेबलावर आडवा पाडला, कललेली कड वर. त्या कडेच्या बरोबर मधे बोट ठेवलं आणि तिथून उंच टोकाकडं सरळ काप दिला. उंच टोकाचा एक त्रिकोणी तुकडा सुटा झाला. तो तिनं उलटा केला आणि बुटक्या टोकावर ठेवला. चपखल बसला. काप चारी बाजूंनी सरळ झाला, खिडकीच्या तावदानासारखा.

"लहानपणी हा अस्साच करून मागायचा," ती फिनबोगीकडं हनुवटी करून म्हणाली. "दोन्हीकडं सारखं हवं म्हणून. नाहीतर रडायचा."

आर्नग्रीमुरनं त्या तुकड्याला बोट लावून बघितलं, उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग वही काढली. दोन आणि तीन यांच्या मधलं अडीच. मला आठवलं, त्याची सळई कोठाराच्या मधोमध अडीचच सांगत होती. बारा गुणिले अडीच, तीस. तीस गुणिले रुंदी सहा. पेन्सिल थांबली.

"एकशे ऐंशी."

फिनबोगीनं बाकाची कड घट्ट धरली होती. दोनशे सोळा गेले याचं त्याला वाईट वाटलं की काय, मला कळेना. आर्नग्रीमुर हळूहळू बेरीज करत होता, मुद्दाम हळू असं मला आजही वाटतं. सत्तर, साठ, चौदा. एकशे चव्वेचाळीस. आणि पस्तीस, एकशे एकोणऐंशी.

"कालवड राहते," तो म्हणाला. "एक भार उरतो."

मी उठले आणि काय करावं ते न कळून आर्नग्रीमुरच्या कपात कॉफी ओतत राहिले, ती बशीत सांडली, बशीतून टेबलावर. हाल्बेरा म्हणाली, उरलेला भार तुझ्या घोड्याला, तू येतोस जातोस. घोडा हा शब्द निघाला आणि फिनबोगीनं डोळे मिटून घेतले. मग आर्नग्रीमुरचं पोट हलायला लागलं. तो इतका हसला की बाक करकरला. फिनबोगी आधी घाबरत हसला, मग मोकळा हसला, आणि आम्ही तो पाव सगळा संपवला, लोणी लावून, तो उलटा केलेला तुकडासुद्धा. तो तुकडा आर्नग्रीमुरनं मागून घेतला.

निघताना तो दारात वळला. फिनबोगी म्हणाला, पैज आत्ताच फेडतो, अंगणात, घराला दोन फेऱ्या मारतो. आर्नग्रीमुर म्हणाला, नाही. सप्टेंबरात, मेंढवाड्याशी, सगळ्यांसमोर. तोवर मी नीट जेवून घेतो.

शनिवारी कापणारा आमच्या दारावरून पुढं गेला. फेब्रुवारीत बाहेर छपराइतकं बर्फ असताना हुप्पा व्याली. कालवडच झाली, कपाळावर पांढरा ठिपका, आणि जन्मल्यावर तासाभरात तिनं माझ्या झग्याचं टोक तोंडात घेतलं. मेच्या शेवटी कोठारात वरच्या खडकाशी गवताचा एक छोटा ढीग उरला होता. फिनबोगीनं जुना थर झाडून काढला, दोन्ही दारं उघडी टाकली, आणि जो येईल त्याला उतार दाखवू लागला. जूनपर्यंत त्याचं म्हणणं असं झालं की उतार त्यानं मुद्दामच ठेवला आहे, पाणी निघून जातं. मी त्याला काही म्हणाले नाही, कान बघून घेतले.

आणि सप्टेंबर आला. डोंगरावरून मेंढ्या उतरल्या, वाड्यात लोकरीचा पूर आला, कुत्री भुंकून घसा बसवून घेत होती. आर्नग्रीमुर दगडी भिंतीवर उभा राहिला आणि त्यानं पैज सगळ्यांना पहिल्यापासून सांगितली. त्यानं हिवाळाभर खरंच नीट जेवून घेतलं होतं. फिनबोगी वाकला. आर्नग्रीमुर चढला. माझ्या नवऱ्याचे गुडघे फाकले, मानेच्या शिरा वर आल्या, बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतले. पहिल्या कोपऱ्याशी तो थांबला, दुसऱ्याशी जवळजवळ बसला. लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते. हाल्बेराला मी घोड्यावर बसवून आणलं होतं. ती म्हणाली की पाय लटपटतायत पण चाल बापाची आहे.

तिसऱ्या कोपऱ्याशी आर्नग्रीमुरनं वरून वाकून मोठ्यानं विचारलं, "काय रे फिनबोगी, तुझ्या कोठाराची जमीन कशी आहे?"

फिनबोगीला श्वास नव्हता. तरी तो थांबला, त्यानं पाठीवरचं ओझं वर सरकवलं, छाती भरून घेतली, आणि कड्यावरून आवाज परत येईल इतक्या जोरात ओरडला.

"उतार आहे! दोन इकडे, तीन तिकडे!"

आणि हसत, रांगत, आर्नग्रीमुरला पाठीवर घेऊन त्यानं फेरी पुरी केली. मी वाड्याच्या भिंतीला धरून रडेपर्यंत हसले. त्याचे कान बघितले. पांढरे होते.